एंडोस्कोपीनंतरचे क्वचित पण गंभीर धोके: कोणता त्रास कधी सुरू होतो आणि कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ६८ वर्षांचे. शौचातून रक्त जाते म्हणून कोलोनोस्कोपी (गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून बघणे) सांगितली आहे. हृदयात स्टेंट आहे, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, मधुमेहाच्या गोळ्याही आहेत. संमतीपत्रात ‘आतड्याला छिद्र, रक्तस्राव, भुलेमुळे श्वास थांबणे, क्वचित मृत्यू’ असे वाचून घरचे हबकले आहेत. हे खरोखर होते का, किती जणांना होते, आणि तपासणी करून घरी आल्यावर नेमके कशावर लक्ष ठेवायचे?

होते. क्वचित, पण होते. काय होऊ शकते ते संमतीपत्र सांगते. ते केव्हा होते आणि सुरुवातीला कसे दिसते, हे मात्र त्यात बहुधा नसते. रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या दृष्टीने मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. यातल्या बहुतेक गुंतागुंतींवर उपाय आहेत, पण ते किती लागू पडतील हे मधे किती तास गेले यावर ठरते. म्हणून हे उत्तर जरा लांबण लावून लिहितो आहे.

आधी आकडे. काहीही त्रास नसलेल्या माणसांत केवळ खबरदारी म्हणून केलेल्या कोलोनोस्कोपीत दर १०,००० मागे साधारण ३ जणांच्या आतड्याला छिद्र पडते आणि साधारण १५ जणांना गंभीर म्हणावा असा रक्तस्राव होतो. शौचाच्या चाचणीत रक्त सापडले म्हणून केलेल्या कोलोनोस्कोपीत छिद्राचे प्रमाण दर १०,००० मागे ५ च्या आसपास जाते, कारण अशा माणसांत पॉलिप (आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या गाठी) जास्त सापडतात आणि ते कापावे लागतात. तोंडातून केलेल्या साध्या तपासणीत छिद्र पडण्याचे प्रमाण अडीच हजारांत एक ते अकरा हजारांत एक इतके कमी आहे. अरुंद झालेली अन्ननलिका रुंद करणे, मोठा पॉलिप काढणे, पित्तनलिकेचे तोंड कापणे असे काही ‘काम’ केले की हे आकडे वर जातात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा की नुसते बघायचे आहे की आत काही करायचेही आहे. अर्थात कोलोनोस्कोपीत याचे उत्तर आधी पूर्णपणे देता येत नाही, कारण पॉलिप दिसला तर तो तिथेच काढणे रुग्णाच्या हिताचे असते.

आता छिद्राबद्दल सविस्तर, कारण भीती सगळ्यात जास्त त्याचीच असते. लोकांना वाटते की दुर्बिणीचे टोक आतड्यात घुसते. तसे होऊ शकते, पण नेहमीचा प्रकार वेगळा आहे. मोठ्या आतड्याचा डावीकडचा खालचा भाग, ज्याला आम्ही सिग्मॉइड म्हणतो, तो पोटात सैल लोंबत असतो. दुर्बीण पुढे ढकलली की ती तिथे वळसा घेते, आणि टोक पुढे न जाता तो वळसाच मोठा होत जातो. बाहेरून ढकललेली दुर्बीण आत जाते आहे, पडद्यावरचे चित्र मात्र जागचे हलत नाही किंवा उलट मागे सरकते, ही खूण प्रत्येक एंडोस्कोपिस्टच्या हाताला माहीत असते. अशा वेळी थांबायचे, दुर्बीण मागे ओढून वळसा सरळ करायचा, रुग्णाची कूस बदलायची, सहायकाला पोटावर दाब द्यायला सांगायचे. तसे न करता जोर लावत राहिले तर त्या वळशाची बाहेरची कड आतड्याची भिंत ताणून फाडू शकते. टोकापासून दूर, कॅमेऱ्याला दिसत नाही अशा जागी. अशी फाट मोठी असते आणि तिला बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे पोटात चिकटलेली आतडी, डायव्हर्टिक्युला (आतड्याच्या भिंतीला आलेल्या लहान पिशव्या), ओटीपोटावर झालेले रेडिएशन, सुजलेले आतडे, फार वृद्ध आणि कृश शरीर, यांत धोका वाढतो. यातले काही असेल तर ते डॉक्टर विचारतील याची वाट न बघता आपणहून सांगा.

दुसरा प्रकार आतडे फुगवून नीट दिसावे म्हणून भरलेल्या हवेच्या दाबाचा. मोठ्या आतड्याची सुरुवात, म्हणजे सीकम, हा त्याचा सर्वांत रुंद भाग. आतला दाब सगळीकडे सारखा असला तरी भिंतीवरचा ताण रुंदीच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दुर्बीण तिथवर पोहोचलीही नसताना सीकम ताणून फाटल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला की तो रक्तात झपाट्याने शोषला जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. नंतरची पोटफुगी त्यामुळे बरीच कमी होते. माझ्या मते ही सोय आज प्रत्येक एंडोस्कोपी विभागात असायला हवी.

तिसरा प्रकार भाजण्याचा, आणि घरी गेलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हाच सर्वांत फसवा. पॉलिप विजेच्या तारेने कापताना उष्णता खोलवर जाते. त्या वेळी भिंत अखंड दिसते, रुग्ण चहा पिऊन घरी जातो, आणि भाजलेला भाग एक-दोन, कधी चार-पाच दिवसांनी गळून तिथे छिद्र पडते. याचा सौम्य भाऊ म्हणजे पॉलिप काढल्यानंतरचा दाह: एका ठिकाणी पोट दुखते, ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, पण छिद्र नसते. हा बहुतेकांना सलाइन, अँटिबायोटिक आणि आतड्याला विश्रांती देऊन बरा होतो. दोन्हींची सुरुवात सारखीच असल्यामुळे घरी बसून फरक ओळखता येत नाही. तो सीटी स्कॅनवर कळतो. दहा मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिप आता विजेशिवाय, नुसत्या तारेच्या फासाने कापायची पद्धत रूढ झाली आहे. त्याने भाजण्याचा प्रश्नच उरत नाही आणि उशिरा होणारा रक्तस्रावही फार कमी होतो.

मग साधे गॅसचे दुखणे आणि हे दुखणे यांत फरक कसा करायचा? गॅसचे दुखणे कळ येऊन जाते, जागा बदलते, वायू सरला की हलके होते आणि तासागणिक कमी होते. छिद्राचे दुखणे तासागणिक वाढते, हलले किंवा खोकले तरी टोचते, म्हणून माणूस निपचित पडून राहतो. पोट कडक लागते. वायू सरत नाही. नाडी जलद होते, ताप येतो, काही जणांचा खांदाही दुखतो. इथे एक धोक्याचा अपवाद आहे. जे रुग्ण स्टिरॉइड घेतात, फार वृद्ध आहेत किंवा ज्यांचा मधुमेह जुना आहे, त्यांच्यात पोट फारसे कडक होत नाही, ताप येतोच असे नाही. नुसते ‘बरे वाटत नाही’, जेवण नको वाटणे, थोडे बरळणे, नाडी ११० च्या पुढे, एवढ्यावरच संशय घ्यावा लागतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा.

संशय असेल तर साधा एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. थोडी हवा किंवा पोटाच्या मागच्या पोकळीत गेलेली हवा एक्स-रेवर दिसत नाही, सीटीवर दिसते. आणि छिद्र सापडले म्हणजे लगेच पोट उघडावे लागते असेही नाही. तपासणी चालू असतानाच ते दिसले, जागा स्वच्छ असली, तर दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येते. पुढे रुग्णाला दाखल करून अँटिबायोटिक आणि उपवास यांवर बारीक नजर ठेवली जाते. पहिल्या काही तासांत कळलेले छिद्र आणि दुसऱ्या दिवशी पोटात मळ पसरल्यावर कळलेले छिद्र, हे जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात माणूस बहुधा काही दिवसांत घरी जातो. दुसऱ्यात आतड्याचे तोंड पोटावर काढण्याची पाळी येऊ शकते.

तोंडातून केलेल्या तपासणीत छिद्र पडलेच तर ते बहुधा घशाच्या तळाशी किंवा अन्ननलिकेत पडते. तिथल्या स्नायूंच्या मागे एक कमकुवत जागा असते. वयोमानाने तिथे पिशवी तयार झालेली असेल, मानेच्या मणक्यांना पुढे हाड वाढलेले असेल, किंवा दुर्बीण न बघता जोराने सरकवली गेली, तर इजा होते. घसा खवखवणे एक-दोन दिवस बऱ्याच जणांना असते, त्याची काळजी करू नका. पण गिळताना मान किंवा छाती दुखणे, आवाज बदलणे, ताप, आणि मानेवर सूज आली तर थांबायचे नाही. मानेच्या सुजेवर बोट दाबले की कातडीखाली बारीक कुरकुर जाणवते. ती हवा असते, आणि हे लक्षण एकदा बोटांना कळले की विसरता येत नाही. नातेवाईकसुद्धा ते ओळखू शकतात. अशा रुग्णाला ‘थोडे पाणी पिऊन बघ’ म्हणू नका, तोंडाने काहीही देऊ नका. अन्ननलिकेच्या छिद्रात लाळ आणि जंतू छातीच्या मधल्या पोकळीत उतरतात. पहिल्या २४ तासांत उपचार झाले तर निष्पत्ती बरीच चांगली असते, पुढे ती झपाट्याने बिघडत जाते.

छिद्राची भीती सर्वांना असते. मला स्वतःला जास्त काळजी असते ती भुलेची. तोंडातून केलेल्या तपासणीतल्या गंभीर प्रसंगांत निम्म्याहून जास्त वाटा हृदय आणि श्वासाशी संबंधित प्रसंगांचा असतो, आणि त्यातले बरेचसे गुंगीच्या औषधांमुळे होतात. मिडाझोलाम आणि फेंटानिल यांच्यावर उतारा आहे, प्रोपोफोलवर नाही. तिथे औषध उतरेपर्यंत श्वास आपणच सांभाळायचा असतो. आणि उतारा असला तरी तो मूळ औषधापेक्षा लवकर संपतो. म्हणजे मिडाझोलामवर फ्लुमॅझेनिल दिल्यावर टक्क जागा झालेला रुग्ण तासाभरात पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. अशा रुग्णाला लगेच घरी सोडायचे नसते.

बोटाला लावलेला ऑक्सिमीटर श्वास मोजत नाही, रक्तातला ऑक्सिजन मोजतो. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास थांबल्यावरही आकडा मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ ९८-९९ वर टिकून राहतो. कॅप्नोग्राफ मात्र बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवतो. पडद्यावर एकामागून एक उमटणारे चौकोनी उंचवटे अचानक थांबतात, रेघ सपाट होते, बाजूला ऑक्सिमीटर अजून ९९ दाखवत असतो आणि नाडीची टिकटिक नेहमीसारखी ऐकू येत असते. त्या क्षणी जबडा पुढे उचलायचा, रुग्णाला नावाने हाक मारायची, खांदा हलवायचा. दोन-तीन सेकंदांत पहिला उंचवटा उमटतो. ऑक्सिमीटरचा आकडा पडेपर्यंत थांबलो असतो तर तेवढा वेळ हातातून गेला असता. म्हणून खोल गुंगी देणार असतील तर कॅप्नोग्राफ आहे का आणि एंडोस्कोपी करणाऱ्याव्यतिरिक्त फक्त श्वासाकडे बघणारी प्रशिक्षित व्यक्ती आहे का, हे विचारण्यात काहीही संकोच बाळगू नका. झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, लठ्ठपणा, फुप्फुसाचा आजार, आधी कधी भुलेचा त्रास झालेला असणे, हे सर्व तपासणीच्या आधी सांगायचे.

याच्या जोडीचा धोका म्हणजे पोटातले अन्न किंवा रक्त श्वासनलिकेत उतरणे. उपाशी राहायला सांगतात ते यासाठी. रक्ताच्या उलट्या होणारा रुग्ण, अन्ननलिकेचे खालचे तोंड न उघडण्याचा आजार, जुन्या मधुमेहामुळे जठर मंदावलेले, यांच्यात उपास पाळूनही पोट भरलेले सापडते. वजन आणि साखर कमी करणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात, त्यामुळे ती चालू असतील तर आवर्जून सांगा. दुर्बीण आत जाताच अन्नाचे तळे दिसले तर तपासणी आवरती घेऊन दुसऱ्या दिवशी करण्यातच शहाणपण असते, रुग्णाला कितीही लांबून यावे लागले असले तरी.

रक्तस्रावाचे वेळापत्रक वेगळे आहे. पॉलिप कापताना आलेले रक्त तिथेच थांबवता येते. उशिराचा रक्तस्राव खपली सुटल्यावर होतो, बहुधा पहिल्या आठवड्यात, पण दोन आठवड्यांपर्यंत आणि क्वचित महिनाभरापर्यंतही. त्यामुळे ‘तपासणी होऊन दहा दिवस झाले, याचा तिच्याशी काय संबंध’ असे म्हणून मूळव्याधीचे मलम लावत बसू नये. पहिल्या शौचाला रक्ताचा थोडा डाग चालतो. पुन्हा पुन्हा लाल रक्त किंवा गाठी, घेरी, घाम, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर रात्र काढू नका. बहुतेकांचा रक्तस्राव आपोआप किंवा दुर्बिणीतून क्लिप लावून थांबतो.

इथे तुमच्या वडिलांच्या क्लोपिडोग्रेलचा प्रश्न येतो. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फक्त बघायचे असेल किंवा बायोप्सीचे तुकडे घ्यायचे असतील तर ती सहसा चालू ठेवता येते. मोठा पॉलिप काढायचा असेल तर काही दिवस आधी थांबवावी लागते, साधारणपणे अॅस्पिरिन चालू ठेवून, आणि तेही हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून. स्टेंट नवा असेल, विशेषतः औषध लावलेला आणि गेल्या सहा ते बारा महिन्यांतला, तर गोळी थांबवल्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पॉलिपच्या जागेचा रक्तस्राव आम्हाला बहुधा थांबवता येतो. स्टेंट अचानक बंद पडला तर हृदयविकाराचा झटका येतो. या दोन धोक्यांची तुलना करताना मी नेहमी स्टेंटच्या बाजूने झुकतो, आणि पॉलिप काढणे काही महिने पुढे ढकलणे बहुतेक वेळा परवडते. गोळी थांबवली तर ती पुन्हा कोणत्या तारखेला सुरू करायची हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. थांबवलेली गोळी सुरूच न केल्यामुळे झालेले प्रसंग टाळता येण्यासारखे असतात, म्हणून ते मनाला जास्त लागतात.

साखरेच्या गोळ्यांचेही तसेच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी चालू असताना उपास आणि पोट साफ करण्यासाठीचे जुलाब एकत्र आले की रक्तातली साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक आम्ल साचणे) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणे दिसतात आणि ग्लुकोमीटर बरा आकडा दाखवतो, त्यामुळे सगळेच फसतात. या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने खाली आणणाऱ्या गोळ्या असतील तर त्यांचे डोस वेगळे ठरवावे लागतात.

पोट साफ करण्याचे औषधही निरुपद्रवी समजू नये. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची द्रावणे बहुतेकांना सुरक्षित आहेत. तोंडाने घ्यायच्या सोडियम फॉस्फेटमुळे मात्र मूत्रपिंडात कॅल्शियम फॉस्फेट साचून कायमची इजा झाल्याची प्रकरणे पुढे आली, आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा घातला. वृद्ध, मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवीच्या किंवा रक्तदाबाच्या ठरावीक गोळ्या घेणारे यांनी ते टाळायचे. दुसरा धोका उलट दिशेचा आहे. औषधासोबत नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते आणि वृद्ध माणूस गोंधळतो, कधी झटकेही येतात. द्रवांत क्षार असलेले पेय असावे, आणि जुलाबाच्या रात्री वडिलांजवळ कोणीतरी असावे. अंधारात शौचालयाकडे धावताना घसरून मांडीचे हाड मोडणे हीसुद्धा या तपासणीचीच गुंतागुंत आहे, जरी ती कुठल्याच संमतीपत्रात लिहिलेली नसते.

आता अगदी विरळा, पण ठाऊक असायलाच हव्यात अशा गोष्टी. कोलोनोस्कोपीनंतर प्लीहेला (पोटात डाव्या बरगड्यांखाली असलेल्या अवयवाला) इजा होते हे अनेक डॉक्टरांनाही पटत नाही. मोठे आतडे डाव्या बरगड्यांखाली वळते तिथे ते एका पट्ट्याने प्लीहेशी जोडलेले असते. दुर्बीण वळवताना तो पट्टा ताणला की प्लीहेचे आवरण फाटू शकते. मी पाहिलेल्या एका बाईंची तपासणी सुरळीत झाली होती, बायोप्सीसुद्धा घेतलेली नव्हती. संध्याकाळी डावा खांदा दुखू लागला. तपासणीत बराच वेळ डाव्या कुशीवर झोपवले होते त्यामुळे खांदा अवघडला असेल, असे घरच्यांना वाटले, आणि ते अगदी स्वाभाविक होते. पण खांदा हलवला तरी दुखणे वाढत नव्हते, दाबला तरी नाही, आणि दीर्घ श्वास घेतला की वाढत होते. रात्री बाथरूममध्ये चक्कर आली. सीटीत प्लीहेभोवती रक्त साचलेले दिसले. रक्तवाहिनीतून तार घालून रक्तस्राव थांबवता आला, प्लीहा काढावी लागली नाही. कोलोनोस्कोपीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखून चक्कर आली, तर हिमोग्लोबिन आणि सीटी झाल्याशिवाय घरी परत येऊ नका.

हवा रक्तवाहिनीत शिरणे हा याहून विरळा आणि फार झपाट्याने घडणारा प्रसंग. तो मुख्यतः ईआरसीपीत (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिका आणि स्वादुपिंडाच्या नलिकेवर केलेल्या तपासणीत किंवा उपचारात) घडतो, कारण तिथे पित्तनलिकेजवळच्या शिरा उघड्या पडू शकतात. एकाएकी ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब पडतो, किंवा भूल उतरल्यावर रुग्ण एक बाजू हलवत नाही. हवा भरणे ताबडतोब थांबवून शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि रुग्णाला डाव्या कुशीवर डोके खाली करून ठेवायचे. कार्बन डायऑक्साइड वापरल्याने हा धोका बराच कमी होतो. आतड्यातल्या वायूचा स्फोट होण्याचीही उदाहरणे आहेत. आतड्यातले जंतू मॅनिटॉलसारखी साखर आंबवून हायड्रोजन तयार करतात, त्यात विजेची ठिणगी पडली की पेट घेतो. १९७९ मध्ये अशा स्फोटात दगावलेल्या रुग्णाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, आणि त्यानंतर कोलोनोस्कोपीच्या तयारीसाठी मॅनिटॉल वापरणे मागे पडले. पण अर्धवट साफ झालेल्या आतड्यात, नुसता एनिमा देऊन विजेचे उपकरण चालवणे आजही टाळायला हवे.

घशाला बधिर करणाऱ्या फवाऱ्यानेही क्वचित भलतेच होते. बेन्झोकेन असलेल्या फवाऱ्याने काही जणांचे हिमोग्लोबिन बदलते आणि ते ऑक्सिजन सोडेनासे होते. ओठ निळसर, ऑक्सिमीटरचा आकडा ८५ च्या आसपास अडकलेला, कितीही ऑक्सिजन द्या, हलत नाही, आणि सुईत आलेले रक्त चॉकलेटी. मिथिलीन ब्लू दिले की काही मिनिटांत फरक पडतो, मात्र जी-सिक्स-पीडीची (लाल पेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्यांना ते चालत नाही. लहान मुलांत ड्युओडेनममधून (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून) बायोप्सी घेतल्यावर भिंतीत रक्ताची गाठ होऊन रस्ता बंद होऊ शकतो. दोन दिवसांच्या आत उलट्या आणि पोटदुखी सुरू होते. ही गाठ बहुधा शस्त्रक्रियेविना विरते.

ईआरसीपीचे नाव वर आले, आणि ती साध्या एंडोस्कोपीच्या पंक्तीत बसत नाही. तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचे प्रमाण शेकड्यात मोजावे लागते, साधारण ३ ते १० टक्के. बहुतेकांत ती सौम्य असते, काही जणांत मात्र आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोक्याच्या रुग्णांना तपासणीनंतर गुदमार्गे इंडोमेथासिन दिले, तर हे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आले. इतके साधे, जुने औषध, म्हणून कारण नसेल तर ते टाळू नये असे मी ठामपणे सांगेन. आणि सर्वांत चांगला बचाव म्हणजे गरज नसलेली ईआरसीपी न करणे. नुसते निदान हवे असेल तर एमआरसीपी (एमआरआयने काढलेले पित्तनलिकेचे चित्र) किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड पुरते. ईआरसीपीच्या दुर्बिणीला टोकाशी एक हलणारी पट्टी असते, तिच्या फटी धुवायला फार अवघड. नियमाप्रमाणे निर्जंतुक केलेल्या दुर्बिणींतूनही औषधांना दाद न देणारे जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे उघड झाले, २०१५ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने त्याबद्दल इशारा दिला आणि २०१९ मध्ये टोकाचा भाग टाकून देता येईल अशा दुर्बिणींकडे वळायला सांगितले. ईआरसीपीनंतर थंडी वाजून ताप आला तर तो साधा ताप नाही. पित्तनलिकेतला संसर्ग काही तासांत रक्तदाब पाडू शकतो.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: ही तपासणी करावी का? ६८ व्या वर्षी शौचातून रक्त जात असेल तर करावी. या वयात रक्ताचे कारण मूळव्याध आहे असे गृहीत धरून सोडले आणि ते कर्करोगाचे निघाले, ही शक्यता वर लिहिलेल्या कोणत्याही गुंतागुंतीच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठी आहे. तारीख ठरवण्याआधी स्टेंट केव्हा बसवला ते हृदयरोगतज्ज्ञांना आणि एंडोस्कोपिस्टना दोघांनाही कळू द्या, आणि सगळ्या गोळ्यांची यादी, पाकिटांसकट, घेऊन जा.

घरी आल्यावर पहिले २४ तास वडिलांना एकटे ठेवू नका, गाडी चालवू देऊ नका. दुखणे वाढत असेल तर वेदनाशामक देऊन रात्र ढकलू नका. त्याने लक्षणे झाकली जातात आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढू शकतो. विभागाचा रात्री उचलला जाणारा नंबर निघण्यापूर्वी मागून घ्या, आणि तो खरोखर लागतो का ते तिथेच लावून बघा. दुसऱ्याच रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जावे लागले तर तिथल्या डॉक्टरांनी वडिलांना पूर्वी पाहिलेले नसते. त्यांना ‘पोट दुखते’ एवढेच सांगू नका. तपासणी कोणती झाली, किती वाजता झाली, पॉलिप कापला का आणि कुठला, वीज वापरली का, क्लिप लावली का, गुंगीचे कोणते औषध दिले, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, हे सांगा आणि अहवालाचा फोटो दाखवा. क्लिप लावलेली असेल तर एमआरआयच्या आधी तेही सांगावे लागते, कारण सगळ्या क्लिप एमआरआयला चालत नाहीत.